पाखडणं, चाळणं, निवडणं : रक्तातल्या आयएलसी-२ पेशी वेगळ्या काढताना

सुपात गहू घेऊन खडे निवडायला फारशी अक्कल लागत नाही, कारण गहू जास्त आणि खडे कमी. दम्याच्या संशोधनात ज्या पेशींची सध्या एवढी चर्चा आहे, त्या आयएलसी-२ पेशींच्या (गट-२च्या जन्मजात लसिकापेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचाच एक दुर्मिळ प्रकार) बाबतीत हे उलटं होतं. सूपभर खडे, आणि त्यात कुठेतरी चार दाणे. शिवाय काही खडे हुबेहूब दाण्यासारखे दिसतात. या कामात पहिल्यांदा फसतात ते बहुतेक सगळे दाणे शोधायच्या मागे लागून फसतात. खरं काम खडे ओळखण्याचं आहे.

हा लेख एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला असलेल्या, फ्लो सायटोमेट्री (पेशींना रंगीत खुणा लावून लेसरसमोरून एकेक मोजणं) थोडीफार हाताळलेल्या, पण इतक्या दुर्मिळ पेशी कधी न काढलेल्या मुलामुलींसाठी आहे. प्रत्येक किटबरोबर येणारा कागद इथे पुन्हा लिहीत नाही. त्या कागदात जे नसतं ते लिहितो.

या पेशी हव्यात कशाला

नेहमीच्या टी पेशीला ॲलर्जन ओळखावं लागतं. आयएलसी-२ला ती भानगड नाही, तिच्या अंगावर टी पेशीचा रिसेप्टरच नसतो. श्वासनलिकेच्या अस्तराला इजा झाली की अस्तरातल्या पेशी आयएल-३३, आयएल-२५ आणि टीएसएलपी या रासायनिक निरोपांच्या हाका मारतात. त्या हाकांना आयएलसी-२ ओ देते आणि आयएल-५ व आयएल-१३ भरभरून सोडते. आयएल-५मुळे इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) वाढतात, आयएल-१३मुळे कफ वाढतो आणि नळ्या चिडचिड्या होतात. म्हणजे दम्याचा अर्धा संसार झाला.

२०१० साली टोकियो, केंब्रिज आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या तीन गटांनी उंदरांमध्ये या पेशी जवळपास एकाच वेळी दाखवल्या, आणि तिघांनी तीन नावं दिली. टोकियोच्या गटाला त्या सापडल्या उंदराच्या आतड्याभोवतीच्या चरबीत! २०११ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटाने त्या माणसात दाखवल्या आणि सीआरटीएच२ व सीडी१६१ या पेशीच्या अंगावरच्या खुणांवरून कशा पकडायच्या ते सांगितलं. आपण आजही त्याच वाटेने जातो. टीएसएलपीला अडवणाऱ्या टेझेपेलुमॅब या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून तर दम्याच्या प्रत्येक प्रकल्पात कुणी ना कुणी विचारतंच, ‘आयएलसी-२ बघितल्या का?’

रक्त काढण्याआधी कागदावर हिशोब

१ मिली रक्तातून फायकॉलनंतर (हा द्रव घनतेवर पेशी वेगळ्या करतो, पुढे येईलच) साधारण १० लाख एककेंद्रकी (लिम्फोसाइट, मोनोसाइट अशा) पेशी हाती लागतात. ५० मिली घेतलं तर ५ कोटी. त्यात आयएलसी-२चं प्रमाण ०.०१ ते ०.१ टक्का. मधला आकडा, ०.०५ टक्का, धरला तर २५ हजार. प्रत्येक धुण्यात, प्रत्येक नळीच्या भिंतीवर थोड्या जातातच. शेवटी यातल्या एक तृतीयांश हातात आल्या तर त्या दिवशी चहा तुमच्याकडून.

आता यातला खोडसाळ भाग. समजा, बाकीच्या पेशींपैकी दहा हजारांत एक पेशी चुकून तुमच्या शेवटच्या चौकटीत (आलेखावर हव्या त्या पेशींभोवती आखलेली सीमा) येते. ऐकायला हे प्रमाण नगण्य वाटतं. पण ५ कोटींत अशा ५ हजार पेशी होतात. २५ हजार खऱ्या आणि ५ हजार खोट्या, म्हणजे दर सहांत एक भेसळ. आणि रक्तदात्याचं प्रमाण ०.०५ऐवजी ०.०१ टक्का निघालं तर? खऱ्या ५ हजार, खोट्या ५ हजार. अर्धीअर्धी भेसळ, आणि आलेखावर ठिपक्यांचा पुंजका मात्र दिसायला झकास.

म्हणून सॉर्टरवर (खुणा बघून पेशी वेगळ्या काढणारं यंत्र) जाण्याआधी चुंबकाने बाकीच्या पेशी काढून टाकायच्या. ५ कोटींच्या ५० लाख केल्या की त्याच चुकीच्या दराने खोट्या पेशी फक्त ५००. चुंबकावर काही आयएलसी-२ गमावल्या आणि १५ हजार उरल्या असं धरलं तरी भेसळ ३ टक्क्यांवर येते. वेळेचाही फरक बघा. सेकंदाला ५ हजार पेशी या वेगाने ५ कोटी सॉर्ट करायला पावणेतीन तास लागतील, ५० लाखांना सतरा मिनिटं. सॉर्टरचं भाडं तासावर असतं, हे तुमच्या गाइडला सांगा. चुंबकाच्या किटचं बिल लगेच मंजूर होईल.

नुसतं प्रमाण मोजायचं असेल, पेशी वेगळ्या काढायच्या नसतील, तरी एक आकडा ध्यानात असू द्या. १० टक्क्यांच्या आत चूक हवी तर किमान १०० खऱ्या पेशी मोजल्या गेल्या पाहिजेत. ०.०१ टक्क्यासाठी म्हणजे १० लाख पेशी वाचायला हव्यात. ५० हजार पेशी वाचून ‘रुग्णांमध्ये आयएलसी-२ दुप्पट’ असं लिहिणाऱ्यांच्या हातात प्रत्यक्षात पाच विरुद्ध दहा ठिपके असतात.

रक्तदाता : इथेच निम्मा प्रयोग बिघडतो

संस्थेच्या नीतिमत्ता समितीची परवानगी आणि आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीपत्र हे आधी. संमतीपत्र मराठीत द्या, आणि ५० मिली म्हणजे किती हे समोर कप धरून सांगा. ‘पन्नास’ म्हटलं की लोक घाबरतात. अर्धा कपसुद्धा नाही म्हटलं की हात पुढे करतात.

परदेशी लेखांत ‘निरोगी रक्तदाता’ दोन शब्दांत उरकतात. आपल्याकडे तसं चालत नाही. ही पेशी मुळात जंतांशी लढणारी. उंदरांतला तिचा बराचसा अभ्यास जंतांच्या संसर्गावरच झाला. आपल्याकडच्या निरोगी माणसाच्या पोटात हूकवर्म असू शकतो. गडचिरोली, नागपूर, वर्धा अशा हत्तीरोगाच्या पट्ट्यातून आलेल्या माणसाचे इओसिनोफिल फायलेरियामुळे वाढलेले असू शकतात. अशा माणसाला ‘नियंत्रण’ (तुलनेसाठीचा निरोगी माणूस) म्हणून घेतलं तर दम्याच्या रुग्णात आणि त्याच्यात फरक दिसणार कसा? म्हणून प्रत्येक नियंत्रण रक्तदात्याची इओसिनोफिलची निव्वळ संख्या, शौचाची तपासणी आणि ‘गेल्या काही महिन्यांत जंताचं औषध घेतलं का’ हा प्रश्न, एवढं करायचंच.

रुग्णांना विचारायचं ते स्टिरॉइडबद्दल. इनहेलर वेगळा आणि गोळी वेगळी. गेल्या महिन्यात प्रेडनिसोलोनचा कोर्स झाला असेल तर नोंद करा, कारण तोंडावाटे घेतलेल्या स्टिरॉइडने रक्तातल्या इओसिनोफिल आणि बेसोफिल (ॲलर्जीतलाच आणखी एक पांढऱ्या पेशींचा प्रकार) झपाट्याने घटतात आणि आयएलसी-२चं चित्रही बदलतं. ‘औषध चालू आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘पंप चालू आहे’ असं येतं आणि गोळ्यांचा विषय राहून जातो. गोळ्यांचं पाकीटच आणायला सांगा.

रक्त सगळ्यांचं एकाच वेळेला घ्या, सकाळी नऊ ते दहा म्हणजे सोयीचं. पांढऱ्या पेशींची संख्या दिवसभरात वरखाली होते. नळी ईडीटीएची चालते, हेपॅरिनचीही चालते (दोन्ही रक्त गोठू देत नाहीत). पुढे आरएनए काढून पीसीआर करायचा असेल तर हेपॅरिन टाळा, ते पीसीआरमध्ये आडवं येतं. त्याच रक्तावर बेसोफिल उद्दीपनाची चाचणीही करायची असेल तर मात्र हेपॅरिनच हवं, कारण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय बेसोफिल जागची हलत नाही. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळ्या नळ्या.

चार तासांच्या आत काम सुरू करा. रक्त बर्फावर ठेवू नका. एकदा एका शहरात काढलेलं रक्त दुसऱ्या शहरातल्या सॉर्टरवर न्यायचं होतं आणि गाडी घाटात चार तास अडकली. आम्ही पोचलो, फायकॉल केलं, आणि पांढऱ्या थराखाली लालसर, गढूळ असा आणखी एक पट्टा. जुन्या रक्तात ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशी) फुगून हलक्या होतात आणि वर तरंगायला लागतात. त्या दिवशीचं सगळं टाकून दिलं. तेव्हापासून फायकॉल जिथे रक्त काढतो तिथेच उरकतो आणि पुढे न्यायच्या त्या पेशी, रक्त नाही.

जास्त पेशी हव्या असतील आणि रुग्णाचीच गरज नसेल, तर रक्तकेंद्रातल्या पिशवीतून निघणारा बफी कोट मागा. पद्धत बसवायची असेल तेव्हा तर तोच वापरावा, उगाच कुणाला सुया टोचू नयेत. त्यालाही परवानगी लागतेच.

पाखडणं

म्हणजे घनतेवर वेगळं करणं. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) मिसळायचं आणि १.०७७ घनतेच्या फायकॉलवर नळी तिरकी धरून अलगद सोडायचं. ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात. सेंट्रिफ्यूज सुरू करण्याआधी मी आजही बोट ठेवून वाचतो, ‘ब्रेक शून्य’.

फायकॉल फ्रीजमधून काढून लगेच वापरू नका. थंड द्रव जड असतो, त्यामुळे तांबड्या पेशी आणि ग्रॅन्युलोसाइट वरच राहतात. उलट, मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत तेच फायकॉल हलकं होतं आणि लिम्फोसाइटही खाली बुडतात. खोलीचं तापमान म्हणजे इथे खरोखर २० अंशांच्या आसपास. आपल्या खोलीचं नव्हे.

पांढरा थर उचलायचा, पीबीएसमध्ये २ टक्के सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए घालून धुवायचा. पहिलं धुणं ३०० जीला १० मिनिटं, दुसरं २०० जीला १० मिनिटं. दुसऱ्या धुण्यात प्लेटलेट वर राहून ओतल्या जातात. हे धुणं आळसाने गाळू नका, प्लेटलेट चिकटलेल्या पेशी पुढे गुच्छ करतात. मग ट्रिपॅन ब्लूने मोजणी. इथे ९५ टक्क्यांहून कमी जिवंत पेशी दिसल्या तर मी पुढे जाण्याआधी दहा मिनिटं विचार करतो. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी अंगाला लावून घेतात.

एक खुलासा. इओसिनोफिल या पायरीत खाली तांबड्या पेशींबरोबर जातात. बेसोफिल मात्र हलकी असल्याने पांढऱ्या थरात येते. हे विसरू नका, पुढे तिच्याशीच गाठ आहे.

पेशी गोठवून ठेवून नंतर करू का, असं दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. शक्यतो नको. वितळवल्यावर सीआरटीएच२ची खूण फिकी पडते, आणि ती आधीच फार उजळ नसते.

चाळणं

इथे चुंबक. बायोटिन लावलेल्या अँटिबॉडींचं मिश्रण नको असलेल्या पेशींना चिकटवायचं, मग त्यावर अँटि-बायोटिन चुंबकी मणी, मग कॉलम. नको त्या पेशी कॉलममध्ये अडकतात, हव्या त्या खाली गळतात. सीआरटीएच२वर मणी लावून थेट हव्या त्या पेशी पकडायचा मोह होतो, पण त्यात टीएच२ पेशी (टी पेशींचाच एक प्रकार) आणि बेसोफिलही येतात, आणि हव्या त्या पेशींच्या रिसेप्टरवर अँटिबॉडी बसून राहते. नको त्या काढणंच बरं.

किटच्या कागदात न सांगितलेली एक खोच इथे आहे. कॉलममधून निसटलेल्या टी पेशीच्या अंगावर किटची बायोटिनवाली सीडी३ अँटिबॉडी आधीच बसलेली असू शकते. पुढे तुम्ही रंगीत सीडी३ घालता, तिला बसायला जागाच उरत नाही. टी पेशी बिनरंगी दिसते आणि तुमच्या ‘वंशखूण नाही’ (टी, बी अशा इतर पेशींच्या ओळखखुणा नसलेल्या) या चौकटीत आरामात शिरते. उपाय साधा आहे. नको त्या खुणांना दिलेल्या रंगातच (पुढे याला कचऱ्याचा रंग म्हटलं आहे) रंगीत स्ट्रेप्टॅव्हिडिनही (बायोटिनला घट्ट चिकटणारं प्रथिन) घाला, म्हणजे बायोटिन अंगावर असलेली प्रत्येक निसटलेली पेशी उजळेल. अट एवढीच की तुमच्या पॅनेलमध्ये (अँटिबॉडींच्या संचात) दुसरी कुठली बायोटिनवाली अँटिबॉडी नको. ही गोष्ट कळायला मला तीन महिने आणि सात रक्तदाते लागले. त्या सात वेळा सॉर्टनंतरची शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर आली होती आणि आठवड्याने कल्चरमध्ये टी पेशींचं रान माजलं होतं.

कॉलमनंतर पुन्हा मोजा. प्रत्येक पायरीला वहीत आकडा हवा : फायकॉलनंतर किती, कॉलमनंतर किती, सॉर्टरवर किती गेल्या, किती आल्या. गळती नेमकी कुठे होते ते या चार आकड्यांशिवाय कळत नाही.

रंगवणं

आधी जिवंत-मृत ओळखणारा रंग. अमाइनला चिकटणारा असेल तर तो सीरम नसलेल्या पीबीएसमध्येच लावायचा, नाहीतर सगळा रंग सीरमच खातं. मग एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीचं शेपूट पकडणारे) झाकण्यासाठी ब्लॉक, १० मिनिटं. मग अँटिबॉडी, ४ अंशांवर अंधारात अर्धा तास.

हव्या त्या खुणा : सीडी४५, सीडी१२७, सीडी१६१, सीआरटीएच२. सोबत सीडी११७ ठेवलात तर आयएलसी-२मधले दोन प्रकारही दिसतील. सीआरटीएच२ला तुमच्याकडचा सगळ्यात उजळ रंग द्या, मी पीई देतो. सीडी१२७लाही फिका रंग नको.

नको त्या सगळ्या खुणा एका रंगात, म्हणजे कचऱ्याच्या डब्यात : सीडी३, सीडी१९, सीडी१४, सीडी१६, सीडी५६, सीडी११सी, सीडी३४, सीडी१२३ आणि एफसी-एप्सिलॉन-आर-१. यातल्या शेवटच्या दोन बेसोफिलसाठी. बेसोफिलवर सीआरटीएच२ भरपूर असतं, आणि सीडी३, सीडी१९, सीडी१४ नसतं. बाजारात तयार मिळणाऱ्या साध्या ‘वंशखूण’ मिश्रणात बेसोफिलची खूण असेलच असं नाही. मिश्रणाच्या डबीवरची यादी वाचा. नसेल तर वेगळी विकत घ्या. बेसोफिलवर सीडी१२७ नसल्याने ती तशीही वगळली जाईल, असा युक्तिवाद लोक करतात. पण एवढ्या उजळ, एवढ्या संख्येने असलेल्या पेशीसाठी मी एकाच कुलपावर भरवसा ठेवत नाही.

कचऱ्याचा रंग दुसऱ्या रंगात सांडला तर फारसं बिघडत नाही, कारण त्या पेशी तशाही टाकायच्या असतात. मात्र कचऱ्याला पीई-साय७सारखा जोडरंग आणि सीआरटीएच२ला पीई, ही जोडी टाळा. जोडरंग उजेडाने आणि उष्णतेने तुटतो. तुटला की तो निव्वळ पीईसारखा चमकतो. मग तीच टी पेशी कचऱ्याच्या रंगात फिकी आणि सीआरटीएच२मध्ये उजळ दिसते, दोन्हीकडून फसवणूक. कुरियरच्या डब्यातला बर्फ वितळून गेलेली अँटिबॉडी आपल्याकडे नवलाची नाही. आलेल्या दिवशीच मण्यांवर एकदा तपासून बघावी.

कंपेन्सेशनसाठी (एका रंगाचं दुसऱ्यात सांडणं वजा करण्यासाठी) मणी वापरा, दुर्मिळ खुणांना पेशी पुरणार नाहीत. चौकट कुठे आखायची ते ठरवण्यासाठी सीआरटीएच२ आणि सीडी१२७ या दोन्हींच्या ‘एक वजा’ नळ्या हव्यात, म्हणजे सगळे रंग घालून फक्त तो एक गाळलेला. आयसोटाइप (कुठल्याच खुणेला न चिकटणाऱ्या अँटिबॉडीच्या) नळीने ही सीमा कळत नाही.

निवडणं

सॉर्टरवर चढवण्याआधी ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. गुच्छ दिसत असतील तर थोडं डीएनएज. १०० मायक्रॉनचं नोझल, कमी दाब, साधारण २० पीएसआय. वेळ थोडा जास्त लागतो, पण पेशी नंतर कल्चरमध्ये जगतात.

चौकटींचा क्रम : प्रवाह कुठे अडखळला का ते वेळेच्या आलेखावर, मग लिम्फोसाइटचा आकार, मग एकट्या पेशी, मग जिवंत, मग सीडी४५ असलेल्या आणि कचरारंग नसलेल्या, मग सीडी१२७, आणि शेवटी सीडी१६१ विरुद्ध सीआरटीएच२. एकट्या पेशींची चौकट कडक ठेवा. टी पेशीला चिकटलेली बेसोफिल काय वाट्टेल ते सोंग घेते. शेवटचा पुंजका मिळाला की त्याला मागे पहिल्या आलेखांवर रंगवून बघा. खऱ्या आयएलसी-२ लिम्फोसाइटच्या आकाराच्या, एकजिनसी दिसतात. ठिपके विखुरलेले दिसले तर गडबड आहे.

ज्या नळीत गोळा करायच्या तिच्या आतून सीरम फिरवून घ्या आणि तळाशी २०० मायक्रोलिटर सीरमवालं माध्यम ठेवा. कोरड्या प्लॅस्टिकवर पडलेला थेंब वाळतो आणि त्यातली पेशी गेली. आरएनएच हवा असेल तर सरळ लायसिस बफरमध्ये सॉर्ट करा.

पुण्यात एनसीसीएससारख्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) संस्थेत अशी सुविधा आहे, इतर शहरांतही मिळते. बाहेरचं मानवी रक्त नेणार असाल तर तिथल्या ऑपरेटरला आधी स्पष्ट सांगा. सॉर्टर तुषार उडवतो. तुमचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण पूर्ण हवं, आणि टाकाऊ द्रवात ताजं हायपोक्लोराइट. बाटलीत महिनाभर पडलेलं नाही.

खरंच त्याच आहेत का

६ हजार पेशी मिळाल्या तर त्यातल्या २००-३०० परत सॉर्टरवर चालवून शुद्धता बघा, तेवढ्यांचं वाईट वाटून घेऊ नका. पण ही तपासणी त्याच चष्म्यातून होते ज्यातून पहिली चूक झाली असेल. म्हणून दुसरा पुरावा हवा. काही पेशी स्थिर करून आत जीएटीए३ (केंद्रकातलं एक प्रथिन) रंगवा, आयएलसी-२मध्ये ते ठळक दिसलं पाहिजे.

तिसरा पुरावा कामाचा. यू-तळाच्या ९६ खणांच्या थाळीत प्रत्येक खणात हजार पेशी. सगळ्यांना आयएल-२ आणि आयएल-७, अर्ध्या खणांना जोडीला आयएल-३३, मिलीला ५० नॅनोग्रॅम. पाच ते सात दिवसांनी वरचं पाणी काढून एलायझा (प्रथिन मोजण्याची चाचणी). आयएल-३३ घातलेल्या खणांत आयएल-५ आणि आयएल-१३ भरपूर, इंटरफेरॉन-गॅमा जवळपास नाही, असं दिसलं पाहिजे. इंटरफेरॉन वर आलं तर टी किंवा एनके पेशी शिरल्या आहेत. थाळीतल्या उरलेल्या पेशी फेकू नका. त्यांना सीडी३ लावून पुन्हा फ्लोवर बघा. सॉर्टच्या दिवशी शंभरात दोन असलेली टी पेशी आठवड्यात वाढून शंभरात चाळीस झालेली असते, आणि ती फक्त इथेच सापडते.